अंथरुणात महिनोन्‌महिने काढाव्या लागणाऱ्या माणसाची हाडं कशी राखायची?

खुब्याचं ऑपरेशन होतं, मांडीत रॉड बसतो, पाठीच्या कण्याला मार लागतो किंवा अर्धांगाचा झटका येतो. मग घरच्यांचं सगळं लक्ष दुखऱ्या जागेकडे लागतं. टाके सुकले का, ताप उतरला का, हाड जुळतंय का? त्याच काळात अंगातली बाकीची, न मोडलेली हाडं रोज थोडी थोडी विरळ होत असतात. त्यात काही दुखत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. तीन-चार महिन्यांनी माणूस उभा राहतो, एखाद्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो आणि चांगल्या बाजूचा खुबा जातो. मी पुण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. हे दुसरं मोडणं पुष्कळदा टाळता येतं अशी माझी खात्री आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी मुळातली गोष्ट. हाड टिकतं ते त्यावर पडणाऱ्या भारामुळे. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, प्रथिनं हा झाला बांधकामाचा माल. काम सुरू करा म्हणून सांगणारा मुकादम म्हणजे भार. मुकादमच आला नाही तर सिमेंटच्या गोण्या दारात पडून राहतात. घरात कॅल्शियमच्या गोळ्यांचे डबे रिकामे होतात, पण पेशंटला पलंगावरून उठवलं जात नाही, हे चित्र मला फार ठिकाणी दिसतं.

हाड झिजतं कसं?

हाडाच्या आत पसरलेल्या पेशींना भार जाणवतो. चालताना, जिना चढताना हाड किंचित वाकतं, आतला द्रव हलतो आणि या पेशी नवं हाड घालणाऱ्या पेशींना कामाला लावतात. भार थांबला की त्याच पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन जास्त सोडतात आणि नवं हाड घालणं मंदावतं. जुनं हाड खरवडणाऱ्या पेशींचं काम मात्र जोरात चालू राहतं. भाराप्रमाणे हाडाची घडण बदलते, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं होतं.

अंतराळात हे उघड दिसतं, कारण तिथे माणूस धडधाकट असतो, फक्त वजन नसतं. पुरेसा जोराचा व्यायाम मिळत नव्हता त्या काळात अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्के कमी होत असे. पाळी गेल्यावर बाईची तेवढी घट व्हायला जवळजवळ वर्ष लागतं. हातांच्या हाडांना मात्र फारसा धक्का लागत नाही. जी हाडं जमिनीवर आपलं वजन पेलतात तीच झिजतात: खुबा, मांडी, नडगी, टाच, कंबरेचे मणके. २००८ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर व्यायामाचं एक नवं यंत्र पोचलं. त्यावर निर्वात नळकांड्यांच्या साहाय्याने जवळपास २७० किलोपर्यंतचा जोर लावता येतो. त्यावरचा व्यायाम, पोटभर आहार आणि ड जीवनसत्त्व एकत्र आल्यावर ही घट बरीच आटोक्यात आली. २८६ दिवस राहून मार्च २०२५ मध्ये परतलेल्या सुनीता विल्यम्स असोत की आणखी कुणी, तिथे लांब मुक्काम करणाऱ्यांच्या वेळापत्रकात रोज साधारण दोन तास व्यायामासाठी राखलेले असतात.

एवढं करूनही परत आल्यावर हाड भरायला वेळ लागतो. एका अभ्यासात, पृथ्वीवर येऊन वर्ष झालं तरी निम्म्याहून जास्त अंतराळवीरांची नडगी पूर्ववत झालेली नव्हती. म्हणून ‘आधी बरं होऊ दे, हाडांचं मग बघू’ हे गणित चुकतं. गमावलेलं हाड परत मिळवण्यापेक्षा असलेलं राखणं सोपं असतं.

पहिली पायरी: ‘बेड रेस्ट’ म्हणजे नेमकं काय, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या

डिस्चार्ज कार्डावर ‘बेड रेस्ट’ लिहिलेलं असतं आणि घरचे त्याचा अर्थ ‘हलवायचंच नाही’ असा घेतात. सर्जनना सरळ विचारा: कोणत्या पायावर भार द्यायचा नाही? किती दिवस? अजिबात नाही, फक्त बोटं टेकवायची, अर्धा भार की पूर्ण? बसायला, उभं राहायला परवानगी आहे का? कोणती हालचाल अजिबात करायची नाही? उत्तर तारखेसह कागदावर घ्या आणि तो कागद पलंगाशेजारच्या भिंतीवर लावा, म्हणजे रुग्णसेवेच्या ब्युरोकडून येणाऱ्या मावशी बदलल्या तरी सूचना बदलत नाहीत.

एका पायावर बंदी म्हणजे सगळ्या अंगावर बंदी नव्हे. उजव्या पायाला प्लास्टर असलं तरी डावा पाय, दोन्ही हात आणि पाठ यांना काम देता येतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर तर बहुतेक वयस्कर पेशंटना दुसऱ्याच दिवशी उभं करायचा प्रयत्न होतो. तिथे उभ्या राहिलेल्या आजींना घरी आल्यावर मायेपोटी आठवडाभर झोपवून ठेवलेलं पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी पायरी: पलंगावरचा व्यायाम, पण जोर लावून

ही यादी सर्जन किंवा फिजिओला दाखवा आणि नको असलेलं खोडून घ्या.

१. पावलं वर-खाली: जागं असताना दर तासाला १०-१५ वेळा. हे पोटरीत रक्त साकळू नये म्हणून.
२. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबणं: ५ आकडे मोजेपर्यंत दाबा, सोडा. १० वेळा, दिवसातून तीन-चारदा.
३. दोन्ही कुल्ले आवळून धरणं, तसंच.
४. पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं.
५. गुडघे वाकवून, पावलं गादीवर रोवून कंबर उचलणं. परवानगी असेल तरच.
६. चांगल्या पायाचा तळवा घरच्यांच्या हातावर टेकवून, त्यांना ढकलायचं आहे अशा जोराने दाबणं.
७. हातांसाठी थेराबँड (ताणायचा रबरी पट्टा) किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या.

सहावा प्रकार मला विशेष आवडतो, कारण त्यात पडल्यापडल्या का होईना, टाचेपासून खुब्यापर्यंत दाब जातो. हाडाला थोडा वेळ पण जोरदार, आणि मध्ये विश्रांती देत दिलेला भार जास्त उपयोगी पडतो. शंभर वेळा अलगद हलवण्यापेक्षा दहा वेळा नेटाने दाबलेलं बरं. जोर लावताना श्वास कोंडू देऊ नका, मोठ्याने आकडे मोजायला सांगा. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे जास्तच सांभाळायला हवं.

मालिश आणि दुसऱ्याने हात-पाय हलवून देणं याबद्दल स्पष्ट सांगते. सांधे आखडू नयेत म्हणून ते जरूर करा, पण त्याने हाड राखलं जात नाही. स्नायू स्वतः ओढत नाहीत आणि वजनही पडत नाही, त्यामुळे हाडाला काही कळत नाही. लुळ्या पडलेल्या पायाचा गुडघा जबरदस्तीने वाकवला तर विरळ झालेलं हाड मोडूही शकतं, आणि संवेदना नसल्याने त्या माणसाला ते समजतही नाही. अचानक सूज किंवा ऊब दिसली तर एक्स-रे काढा.

एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप लागणं, छातीत कळ येणं, ही लक्षणं दिसली तर व्यायाम थांबवून लगेच हॉस्पिटल गाठा.

तिसरी पायरी: बसवणं

बसल्याने मणक्यांवर भार येतो, फुप्फुसं मोकळी होतात, जेवण नीट जातं. आधी पाठीमागे उशा लावून किंवा पलंगाचं डोकं उचलून तिरपं, मग ताठ, मग कडेला पाय खाली सोडून. बरेच दिवस आडवं असलेल्या माणसाचं बीपी उठताना झपकन उतरतं. डोळ्यांपुढे अंधारी आली की परत आडवं करा, दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा. पावलं जमिनीवर पूर्ण टेकायला हवीत. पलंग उंच असेल तर खाली पाट ठेवा. जेवण, चहा, पेपर, मालिका हे सगळं बसून, असा घरात नियमच करा.

पण इथे थांबू नका. बसलेल्या माणसाच्या मांड्या आणि नडग्या जवळजवळ रिकाम्याच असतात.

चौथी पायरी: उभं राहणं

या सगळ्या लेखातलं एकच करायचं ठरवलं तर हे करा. १९६०च्या दशकात निरोगी तरुणांना आठवडेच्या आठवडे पलंगावर ठेवून प्रयोग झाले. लघवीवाटे किती कॅल्शियम बाहेर पडतं ते मोजलं गेलं. आडव्याने केलेल्या व्यायामाने किंवा नुसतं बसवल्याने ती गळती कमी झाली नाही, पण रोज तीनेक तास नुसतं उभं केल्यावर हळूहळू कमी होऊ लागली. आपल्या पेशंटला एकदम तीन तास उभं करायचं नाही, पण दिशा तीच.

सर्जननी परवानगी दिली की सुरुवात वाकर धरून, शेजारी एक माणूस आणि मागे खुर्ची ठेवून. पहिल्या दिवशी मिनिट-दोन मिनिटं, तीन-चार वेळा. मग दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत दिवसभरात मिळून एका तासापर्यंत. स्वयंपाकघराचा ओटा यासाठी उत्तम. तो हलत नाही, उंचीला बरोबर असतो आणि समोर कुणीतरी बोलायला असतं. आजींना ओट्यापाशी उभं करून मटार सोलायला दिले की दहा मिनिटं कशी जातात ते त्यांनाही कळत नाही.

अर्धा भार द्यायला सांगितला असेल तर अंदाजाने देऊ नका. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा. त्यावर दुखरा पाय आणि शेजारी तेवढ्याच उंचीच्या फळीवर चांगला पाय. वाकर धरून काट्यावर डॉक्टरांनी सांगितलेला आकडा, समजा २० किलो, येईपर्यंत दाबायचं. चार-पाच वेळा केलं की पायाला तो जोर ओळखीचा होतो. रोज सकाळी एकदा पुन्हा तपासा.

पूर्ण भाराची परवानगी आली की खुर्चीतून उठणं-बसणं १० वेळा, ओटा धरून टाचा उचलून टेकवणं, मग चालणं. शेवटी जिना. पेठांमधल्या जुन्या इमारतींत आणि तीन मजली सोसायट्यांत लिफ्ट नसते आणि माणूस महिनोन्‌महिने वरच अडकतो. अशा घरी मी पहिल्या आठवड्यापासून जिन्याचा विचार करायला सांगते: कठडा पक्का आहे का, दोन्ही बाजूंना धरायला आहे का, मधल्या वळणावर खुर्ची मावते का. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

वाकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर, एअर बेड विकत घ्यायची घाई करू नका. पुण्यात बऱ्याच भागांत संस्था आणि मंडळांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत, तिथे अनामत ठेवून थोड्या भाड्यात मिळतं. आणल्यावर वाकरच्या पायांची रबरी टोपणं झिजलेली नाहीत ना ते बघा आणि उंची पेशंटच्या मनगटाशी जुळवा.

*कण्याला इजा होऊन पाय गेले असतील तर*

इथे घट सगळ्यात वेगाची असते. पहिल्या एक-दोन वर्षांत गुडघ्याभोवतीच्या हाडाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त जाऊ शकतो. म्हणून कणा स्थिर झाल्याचं सर्जननी सांगताच टिल्ट टेबल (पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभं करणारं टेबल), मग स्टँडिंग फ्रेम (उभं धरून ठेवणारी चौकट) किंवा कॅलिपर (पायाला बांधायचा ताठ आधार) लावून उभं राहणं सुरू व्हायला हवं. वर्षानुवर्षं व्हीलचेअरवर असलेल्या माणसाला मात्र एकदम उभं करू नका, आधी तपासणी, मग हळूहळू. पायाच्या स्नायूंना विजेचे सौम्य झटके देऊन सायकल चालवण्याची सोय काही केंद्रांत असते, विचारून पाहा. पूर्ण लकव्यात नुसत्या उभं राहण्याने घट सगळी थांबत नाही, त्यामुळे औषधाचा विषय लवकर काढा. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला तर ताठ बसवा, लघवीची नळी तुंबली आहे का ते पाहा आणि डॉक्टरांना फोन करा. बीपी धोकादायक चढलेलं असू शकतं.

पुण्याला या बाबतीत मोठी परंपरा आहे. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी कित्येक दशकं काम करतं आहे आणि वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. पायातलं बळ गेलेल्या माणसाने दिवसभर कामात, खेळात राहायचं असतं, हे या शहराने फार आधीपासून पाहिलं आहे.

पाचवी पायरी: ताट आणि तांब्या

प्रौढांना रोज साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बायकांना १२००. ते शक्यतो ताटातून द्या. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे एका मध्यम भाकरीत दीड-दोनशे. पेलाभर दुधात सुमारे २४०. वाटीभर दही, शेवग्याच्या किंवा राजगिऱ्याच्या पाल्याची भाजी, तिळाची चटणी, खाणाऱ्यांना काट्यासकट सुके बोंबील. ‘गव्हाएवढा चुना’ हा उपाय कुणीतरी सांगतंच. देऊ नका. मात्रा किती गेली ते कळत नाही आणि तोंड भाजतं.

प्रथिनांकडे त्याहून जास्त लक्ष द्या, कारण आजारी माणसाला आपण पेज, खिमट आणि बिस्किटांवर ठेवतो. मूत्रपिंड ठीक असेल तर वयस्कर पेशंटला वजनाच्या दर किलोमागे १.२ ग्रॅम तरी हवीत, ६० किलोच्या माणसाला सत्तरेक ग्रॅम. दोन अंडी, दोन पेले दूध, वाटी वाटी घट्ट वरण, उसळ आणि दही, थोडं पनीर आणि तीन-चार भाकऱ्या-पोळ्या झाल्या की तिथवर पोचता येतं. भूक नसेल तर पाच-सहा वेळा थोडं थोडं. मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं, म्हणून लोणचं-पापड जरा आवरा.

आता पाणी. हाडातून सुटलेलं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून पडून असलेल्या माणसाला मुतखड्याची भीती असते. त्यात बायका मुद्दाम पाणी कमी पितात, कारण बेडपॅन मागायचा संकोच वाटतो. हे त्या बोलून दाखवत नाहीत. तुम्हीच ठरावीक वेळी तांब्या आणि ठरावीक वेळी बेडपॅन, असं विचारायची वेळ न आणता करत जा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर लघवी दिवसभर फिकट राहील इतकं पाणी जायला हवं.

तरुण पेशंटच्या बाबतीत आणखी सावध राहा. वाढत्या वयातला मुलगा अपघातानंतर महिनाभर पडून राहिला तर हाडातून सुटलेल्या कॅल्शियममुळे रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. मळमळ, बद्धकोष्ठ, सुस्ती, सारखी लघवी दिसली तर रक्त तपासा. अशा वेळी वरून कॅल्शियमच्या गोळ्या देणं घातक ठरतं.

आणि मिश्री. पलंगावर पडलेल्या कितीतरी आज्यांच्या उशाखाली ती डबी असते. तंबाखू हाडाला वाईट आणि मोडलेलं जुळायलाही वाईट. रागावू नका, पण डॉक्टरांपासून लपवूही नका.

सहावी पायरी: ऊन आणि ड जीवनसत्त्व

काचेतून येणारं ऊन यासाठी चालत नाही, कारण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. बंद केलेल्या गॅलरीची खिडकी उघडा किंवा गच्चीत न्या. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटं पुरेत. एप्रिल-मेमध्ये वेळ कमी करा आणि जून ते सप्टेंबर पुण्यात उन्हाचा भरवसा धरू नका.

त्यामुळे बहुतेकांना औषध लागतंच. रक्तातलं प्रमाण मोजून, डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे ६०,००० युनिटची पुडी घ्यायची. ती वर्षभर दर रविवारी चालू ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढवतं.

सातवी पायरी: औषधांबद्दल विचारा

वय पन्नाशीच्या पुढे असेल आणि साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल, तर ते हाडांच्या ठिसूळपणाचं लक्षण धरायला हवं. प्लेट आणि स्क्रू बसले म्हणजे त्या ठिसूळपणावर उपचार झाला असं होत नाही. पुढच्या भेटीत हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारा.

हाडाची झीज कमी करणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची अलेन्ड्रोनेटची गोळी उपाशीपोटी पेलाभर पाण्यासोबत घेऊन निदान अर्धा तास ताठ राहावं लागतं, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. जो माणूस बसूच शकत नाही त्याला ती चालत नाही. त्याच कामाचं झोलेड्रोनिक ॲसिड शिरेतून, साधारण वर्षातून एकदा देतात. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासतात, दातांची मोठी कामंही आधी उरकून घेतात. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं. ते मनाने बंद केलं तर हाड झपाट्याने उतरतं आणि मणके मोडू शकतात, म्हणून तारीख कॅलेंडरवर ठळक लिहा. स्टिरॉइड, फिटची काही औषधं आणि महिनोन्‌महिने चालू राहिलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांचाही हाडावर परिणाम होतो. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या आणि कोणतंही स्वतःहून थांबवू नका.

आठवी पायरी: चालू लागल्यावर

पहिले सहा महिने सर्वांत जपायचे. स्नायू लवकर भरतात, माणसाला बळ आल्यासारखं वाटतं, पण हाड मागे असतं. न्हाणीघरात भिंतीत पक्के बसवलेले आधारदांडे, रबरी चटई, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर दिवा, घरात मागे पट्टा असलेल्या चपला. पायपुसणी आणि सतरंज्या उचलून ठेवा. चष्म्याचा नंबर तपासा. झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांनी चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

व्यायाम दुखणं गेलं म्हणून सोडायचा नाही. खुर्चीतून उठणं-बसणं आणि टाचा उचलणं रोज, चालणं रोज, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस वजन किंवा थेराबँड वाढवत जोराचा व्यायाम.

हाडाची घनता मोजायला खुबा आणि कंबर यांची डेक्सा तपासणी करा. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या तुलनेत आपल्या हाडाची घनता सांगणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस धरतात. सोसायटीतल्या शिबिरात टाचेवर यंत्र लावून देतात त्या आकड्यावर औषध सुरू करू नका आणि बंदही करू नका. पुढची डेक्सा साधारण वर्ष-दोन वर्षांनी, त्याच यंत्रावर करा, कारण दोन यंत्रांच्या आकड्यांची तुलना नीट होत नाही. ज्या खुब्यात धातू बसवला आहे तो सोडून दुसरा मोजायला सांगा.